दुबार नोंदींचा माग

रिलेशनल डेटाबेसमधल्या तक्त्याची प्रत्येक ओळ बाकीच्या ओळींपासून वेगळी ओळखता आली पाहिजे, ही या रचनेची मूळ अट आहे. एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना ही रचना मांडली. त्यांच्या मांडणीत तक्ता म्हणजे गणितातला संच, आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. पुढे बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरनी मात्र ही अट सक्तीची ठेवली नाही. तक्ता बनवणाऱ्याने 'प्रायमरी की' लावली तर ती पाळली जाते. नाही लावली तर तंतोतंत सारख्या दहा ओळीही तक्ता मुकाट्याने पोटात घेतो. दुबार नोंदींची बरीच प्रकरणे या सवलतीतूनच उगवतात.

तक्रार येते ती वेगळ्याच भाषेत. यादीत एका शेतकऱ्याचे नाव तीनदा आले आहे, बेरीज पावत्यांशी जुळत नाही, काल काढून टाकलेली नोंद आज परत दिसते आहे, नाव यादीत आहे पण शोधले की सापडत नाही. अशा वेळी जादा ओळ उडवून मोकळे होण्याचा मोह आवरायला हवा. जादा ओळ हा पुरावा असतो. ती कोणत्या दाराने आत आली हे कळण्याआधी ती पुसली, तर दार उघडेच राहते आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा हजर होते. शिवाय पुसलेली ओळ खऱ्या माणसाची निघाली, तर त्याचे अनुदान किंवा मतदानाचा हक्क तिच्यासोबत जातो.

पहिला प्रश्न हा, की ती ओळ तक्त्यात खरोखर दोनदा आहे की फक्त अहवालात दोनदा दिसते. समजा, खामगाव परिसरातल्या सोयाबीन उत्पादकांची माहिती दोन तक्त्यांत ठेवली आहे: एकात शेतकरी आणि त्याला मिळालेली रक्कम, दुसऱ्यात त्याच्या जमिनीचे गट क्रमांक. एका शेतकऱ्याचे तीन गट असतील आणि अहवालात दोन्ही तक्ते जोडले, तर त्याचे नाव तीनदा येणारच. त्याला मिळालेले 12,000 रुपये बेरजेत 36,000 होऊन बसतात. मूळ तक्त्यात काहीच बिघडलेले नाही. चूक जोडणीत आहे. इथे 'डिस्टिंक्ट' हा शब्द क्वेरीला लावून सारख्या ओळी लपवण्याची सवय फार रुळली आहे आणि ती घातक आहे. एकाच दिवशी एकाच शेतकऱ्याने सारख्याच वजनाचा माल दोनदा आणला, तर त्या दोन खऱ्या नोंदींतली एक डिस्टिंक्ट गिळून टाकतो. योग्य उपाय म्हणजे रकमांची बेरीज आधी शेतकऱ्यागणिक करून घ्यायची आणि मग गटांचा तक्ता जोडायचा.

गावांच्या नावावर तक्ते जोडले की याहून अवघड गुंता होतो. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर हा तालुका आणि नगर परिषद आहे; मलकापूर नावाचे शहर सातारा जिल्ह्यात कराडला लागून आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातही आहे. राज्यभराची माहिती केवळ शहराच्या नावावर जोडली, तर तिन्ही मलकापूरांची माहिती एकमेकांत मिसळते आणि तीन ओळींच्या नऊ होतात. जळगाव जामोद हा बुलढाण्याचा तालुका, तर शेजारचा जिल्हा जळगाव; कुणी घाईत तालुक्याच्या रकान्यात नुसते 'जळगाव' लिहिले की तिथली माणसे दुसऱ्या जिल्ह्यात उगवतात. सिंदखेड राजा कुठे दोन शब्दांत लिहिलेले असते, कुठे जोडून. खुद्द जिल्ह्याचे नाव 'बुलढाणा' असेही लिहितात आणि 'बुलडाणा' असेही. 2011च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत त्याचे स्पेलिंग 'एच' या अक्षराशिवाय आहे, इतर सरकारी प्रणालींत ते त्या अक्षरासह येते.

यावर उतारा म्हणजे नावाऐवजी कोड. पण कोडही एकच नसतो. जनगणनेत हा जिल्हा 500, केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत म्हणजे एलजीडीत 472, वाहनाच्या पाटीवर एमएच 28. दोन खात्यांची माहिती एकत्र करताना एकाने जनगणनेचा आणि दुसऱ्याने एलजीडीचा कोड वापरला असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन जिल्हे होतात. 2020 साली आलेल्या सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत एलजीडी कोड छापला जाऊ लागला, तो बदल म्हणूनच मोलाचा आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा नावावर चालणाऱ्या याद्यांत जुने आणि नवे असे दोन जिल्हे शेजारी शेजारी दिसण्याची सोय झाली. कोडवर चालणाऱ्या याद्यांत फक्त एका ओळीतले नाव बदलायचे होते.

दुसऱ्या प्रकारच्या आभासी नोंदी वेळेच्या खेळातून निर्माण होतात. डेटाबेसवर एकाच क्षणी अनेक जण काम करत असतात. दिवसअखेरीचा हिशेब काढणारा प्रोग्रॅम आधी पावत्या मोजतो, त्या 212 भरतात. मग रकमांची बेरीज करतो. या दोन कामांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या खिडकीवर एक पावती फाटली, तर बेरीज 213 पावत्यांची येते. या जादा ओळीला तंत्रज्ञ 'फँटम' म्हणतात. एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या आयबीएममधल्या चौघांनी 1976 साली या प्रश्नाची नीट मांडणी केली आणि केवळ असलेल्या ओळींना कुलूप लावून भागत नाही, 'या अटीत बसणारी कोणतीही ओळ' असे अटीलाच कुलूप लावावे लागते हे दाखवून दिले.

आजचे डेटाबेस यासाठी वेगवेगळ्या पातळ्या देतात. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची मूळ पातळी 'रीड कमिटेड' असते. तिच्यात फँटमला मज्जाव नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीची मूळ पातळी 'रिपीटेबल रीड' आहे. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड घेतले की संपूर्ण ट्रान्झॅक्शन एकाच क्षणाचे चित्र पाहते, म्हणून वरचा गोंधळ होत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र त्याच नावाची पातळी फँटम अडवत नाही. तिथे 'स्नॅपशॉट' किंवा 'सीरियलायझेबल' लागते. नाव सारखे म्हणून वागणूक सारखी, असे गृहीत धरल्याने अनेकांचे दिवस वाया जातात.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट आधी तपासावी. अहवाल लवकर यावा म्हणून क्वेरीत 'नोलॉक' टाकलेले असते. नोलॉकमुळे अजून कमिट न झालेल्या, कदाचित पुढे रद्द होणाऱ्या नोंदीही वाचल्या जातात. शिवाय वाचन चालू असताना एखादी ओळ एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकली, तर तीच ओळ दोनदा वाचली जाऊ शकते किंवा मुळीच वाचली जात नाही. तोच अहवाल दोनदा चालवून दोन वेगळे आकडे येत असतील तर संशय आधी इथेच घ्यावा. पैशांच्या हिशेबात नोलॉकला जागा नाही.

काढलेली नोंद परत दिसण्याचे कारण पुष्कळदा याहून साधे असते. वाचनाचा भार कमी व्हावा म्हणून मुख्य सर्व्हरची एक नक्कल, म्हणजे 'रेप्लिका', चालवली जाते. ती काही सेकंद, कधी काही मिनिटे मागे असते. नोंद मुख्य सर्व्हरवरून पुसली गेलेली असते, पण पडदा रेप्लिकाकडून माहिती घेतो. याद्यांची पाने पाडतानाही असाच भास होतो: शंभर-शंभर नावे दाखवताना क्रम फक्त आडनावावर लावला, तर सारख्या आडनावांचा आपसातला क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नसते. मग एक नाव पहिल्या पानाच्या शेवटी आणि दुसऱ्या पानाच्या सुरुवातीलाही येते, आणि दुसरे एखादे कुठेच येत नाही. क्रमात शेवटी नोंदीचा क्रमांक जोडला की हा दोष जातो. उलट, क्रमांकांत मधेच खाच दिसली म्हणजे कुणी नोंद पळवली असेही नव्हे. रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनने घेतलेला क्रमांक परत केला जात नाही.

हे सगळे भास वगळल्यावर तक्त्यात खरोखर असलेल्या दुबार ओळी उरतात. त्या शोधायची क्वेरी छोटी आहे: ज्या रकान्यांवरून नोंद वेगळी ओळखली जावी त्यांवर 'ग्रुप बाय' लावायचे आणि 'हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त' अशी अट घालायची. अवघड असते ते रकाने कोणते हे ठरवणे, आणि ते ठरवण्यासाठी टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला विचारण्यावाचून गत्यंतर नसते. नुसत्या पावती क्रमांकावर नोंद वेगळी ठरते, की पावतीपुस्तक दर वर्षी नव्याने एकपासून सुरू होते, हे डेटाबेस सांगू शकत नाही.

सापडलेल्या जोड्यांची नोंदवेळ पाहिली की बहुधा कारण उघडे पडते. दोन्ही नोंदी दोन-तीन सेकंदांच्या अंतराने असतील तर बटण दोनदा दाबले गेले आहे. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावी सेवा केंद्रात नेट रेंगाळते, पडद्यावर काहीच हलत नाही, आणि चालक पुन्हा 'सबमिट' करतो. पहिली विनंती पोचलेली असते, फक्त तिचे उत्तर वाटेत अडकलेले असते. प्रोग्रॅमने 'आधीची नोंद आहे का' असे विचारून मगच ओळ घातली तरी हे टळत नाही, कारण दोन्ही विनंत्या एकाच वेळी विचारतात आणि दोघींनाही 'नाही' असे उत्तर मिळते. ही जबाबदारी डेटाबेसवरच टाकावी लागते: त्या रकान्यांवर 'युनिक' बंधन, आणि फॉर्म उघडतानाच दिलेला एक खूणक्रमांक, जो दोन्ही विनंत्यांत तोच राहील. पोस्टग्रेसच्या 2016 साली आलेल्या 9.5 आवृत्तीपासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' ही सोय आहे. दुसरी विनंती आली की चूक न दाखवता आधीचीच नोंद कायम ठेवता येते. हजारो दुबार नोंदी एकाच मिनिटातल्या असतील तर मात्र तीच एक्सेल फाइल दोनदा चढवली गेली आहे.

युनिक बंधन असूनही दुबार नोंदी आढळल्या तर दोन शक्यता पाहाव्यात. पहिली 'नल'ची. रकाना रिकामा असेल तर एसक्यूएलच्या नियमानुसार एक रिकामे दुसऱ्या रिकाम्यासारखे मानले जात नाही. गट क्रमांक आणि पोटहिस्सा या दोघांवर मिळून बंधन घातले आणि पोटहिस्सा रिकामा सोडला, तर तोच गट कितीही वेळा घुसतो. एसक्यूएल सर्व्हर याला अपवाद आहे, आणि पोस्टग्रेसमध्ये 2022च्या 15व्या आवृत्तीपासून रिकाम्यांना सारखे मानण्याचा पर्याय आला.

दुसरी शक्यता विरळ, पण अनुभवी माणसालाही चकवणारी आहे. युनिक बंधन इंडेक्सवर चालते आणि इंडेक्स अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो. हा क्रम पोस्टग्रेस बहुतेक वेळा लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीकडून घेतो. ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या ग्लिबसी 2.28ने हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेटाच्या फाइली तशाच ठेवून ज्यांनी लिनक्सची आवृत्ती वाढवली, उदाहरणार्थ डेबियन 9वरून 10वर, त्यांचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, अशी अवस्था झाली. नाव तक्त्यात असते, संपूर्ण यादी काढली की दिसते, पण नावाने शोधले की सापडत नाही. सापडत नाही म्हणून तेच नाव दुसऱ्यांदा घालता येते. बंधन काही बोलत नाही. निदान करण्यासाठी इंडेक्स वापरून आणि इंडेक्स टाळून तीच क्वेरी चालवून आकडे ताडावेत, किंवा 'एमचेक' हे पोस्टग्रेससोबत येणारे साधन वापरावे. आधी घुसलेल्या दुबार ओळी निस्तरून मग 'रीइंडेक्स' करावे लागते, कारण त्या ओळी असताना युनिक इंडेक्स नव्याने बांधलाच जात नाही.

देवनागरीचा स्वतःचा एक वेगळा पेच आहे आणि मराठी कार्यालयांनी त्याकडे फार कमी लक्ष दिले आहे. कृषी सेवा केंद्राच्या नावातले 'ॲग्रो' घ्या. त्यातले पहिले अक्षर युनिकोडमध्ये 2008 पासून एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते. 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊनही ते लिहिता येते, आणि या दोघांच्या मधे न दिसणारे जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात, डेटाबेसच्या लेखी तीन दुकाने होतात. युनिकोडने ठरवून दिलेले नॉर्मलायझेशन केले तरी ही तीन रूपे एक होत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. 'वऱ्हाड'मधला अर्धा र असाच दोन प्रकारे टाइप होतो. त्यात श्रीलिपी आणि आयएसएमच्या जुन्या फॉन्टांतून रूपांतरित केलेल्या याद्यांची भर पडते: वेलांटी सरकलेली, अनुस्वार दोनदा आलेला, नावापुढे एक रिकामी जागा. शेगाव आणि शेगांव हा भेद तर वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शेजारी शोधासाठी एक शुद्ध केलेला रकाना ठेवणे उत्तम. मूळ नाव बदलले की कागदपत्रांशी ताळमेळ सुटतो.

अक्षरे शुद्ध केली तरी माणसे उरतातच. वानखडे आणि वानखेडे ही एकाच आडनावाची दोन लेखने आहेत की दोन वेगळी कुटुंबे, हे अक्षरांवरून ठरत नाही. शेगावच्या पंचक्रोशीत गजानन हे नाव घरोघरी आहे, आणि जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून आहे. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख चारही जुळणारे दोन वेगळे गृहस्थ एका गावात असणे हे मुळीच नवल नव्हे. उलट बाजूने, लग्नानंतर नाव, वडिलांच्या जागी पतीचे नाव, आडनाव आणि गाव सगळेच बदललेली स्त्री माहेरच्या आणि सासरच्या यादीत दोन पूर्ण वेगळ्या व्यक्ती म्हणून असते. कोणतीही अक्षरजुळणी तिला एक करू शकत नाही. इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी 1969 साली अशा जुळणीचे गणित मांडले. त्यात 'जुळते' आणि 'जुळत नाही' यांच्या जोडीला तिसरा गठ्ठा असतो, माणसाने पाहून ठरवण्याचा. हा तिसरा गठ्ठा वेळ वाचवण्यासाठी रद्द करणे ही डेटा सफाईतली सर्वांत मोठी चूक आहे.

2025 मध्ये महाराष्ट्रात दुबार मतदारांवरून जे वादळ उठले, त्यात हा तिसरा गठ्ठा सगळ्यांनी पाहिला. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950च्या कलम 17 आणि 18 नुसार एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापायचे ठरवले. स्थानिक यंत्रणेने नाव, लिंग, पत्ता आणि छायाचित्र ताडायचे. व्यक्ती एकच असेल तर तिने कुठल्या केंद्रावर मतदान करणार ते सांगायचे. उत्तर आले नाही तर केंद्रावर हमीपत्र द्यायचे. खामगाव, चिखली, मेहकरसह बुलढाणा जिल्ह्यातल्या नगर परिषदांच्या याद्यांनाही हाच नियम होता. राजकीय बाजू बाजूला ठेवून तंत्र म्हणून पाहिले तर ही रीत रास्त आहे: नाव उडवलेले नाही, खूण केली आणि निर्णय पडताळणीवर सोपवला.

त्याच वर्षी मार्चमध्ये भारत निवडणूक आयोगाला उलटा प्रश्न हाताळावा लागला. वेगवेगळ्या राज्यांत दोन वेगळ्या मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक असल्याचे समोर आले. प्रत्येक राज्याने पूर्वी स्वतःची क्रमांकमालिका चालवली होती आणि काहींनी तीच मालिका वापरली होती. म्हणजे दुबार नोंद नव्हती, दुबार की होती. अशा वेळी क्रमांकावरून नोंदी एकत्र केल्या तर दोन माणसांचा एक माणूस होतो, आणि हे नुकसान दुबार ओळीपेक्षा भरून काढायला कठीण आहे.

यापुढची पायरी म्हणजे नियमात चोख बसणारी खोटी नोंद. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या लहानशा ग्रामपंचायतीच्या खात्यावर 2025च्या अखेरीच्या काही महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. अशा ओळी प्रायमरी कीने पकडल्या जात नाहीत, अक्षरजुळणीनेही नाहीत. गावाची लोकसंख्या आणि नोंदींची संख्या शेजारी ठेवणारा साधा मासिक अहवाल त्या पकडतो.

निदान झाल्यावर सफाई. पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून पाहावा; न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये. दुबार म्हणून ठरलेल्या ओळी आधी वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवाव्यात. मग प्रत्येक गटात कोणती ओळ राहणार हे ठरवावे, आणि इथे 'जुनी ठेवा' किंवा 'नवी ठेवा' असा सरसकट नियम चालत नाही: जुन्या ओळीत बँक खाते असते, नव्या ओळीत दुरुस्त केलेला मोबाइल क्रमांक. दोन्हींतली माहिती एका ओळीत आणावी. सर्वच रकाने सारखे असतील तर ओळी वेगळ्या करायला पोस्टग्रेसचा 'सीटीआयडी' किंवा ओरॅकलचा 'रोआयडी' हा अंतर्गत पत्ता वापरावा लागतो. जाणाऱ्या ओळीला बांधलेल्या पावत्या, हप्ते, अर्ज राहणाऱ्या ओळीकडे वळवल्यानंतरच ती काढावी. नाहीतर त्या पावत्या निराधार होतात, किंवा 'कॅस्केड' लावलेले असेल तर ओळीसोबत पुसल्या जातात. हे सर्व एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावे, बदललेल्या ओळींची संख्या अपेक्षेशी ताडावी, आणि एकाचाही फरक असला तर रोलबॅक करावा.

सफाई आणि युनिक बंधन यांच्यात दिवसाचेही अंतर ठेवू नये, कारण उघडे दार रात्रीतूनही वापरात असते. मोठ्या तक्त्यावर काम न थांबवता इंडेक्स बांधायचा तर पोस्टग्रेसमध्ये 'कंकरंटली' हा पर्याय आहे. तो मध्येच फसला तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो आणि तो काढून पुन्हा बांधावा लागतो. काढलेल्या प्रत्येक क्रमांकासमोर राहिलेला क्रमांक लिहिणारा एक छोटा तक्ता कायमचा ठेवावा. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर जुनाच क्रमांक छापलेला असतो, आणि तो घेऊन तो दोन वर्षांनी खिडकीवर आला तरी त्याची नोंद सापडली पाहिजे.